ठेवणे आणि टाकणे

येथील काही उत्साही मराठी मंडळींनी अलीकडे एक सूचना पुढे मांडली आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या जुन्या आल्बमातील एक छायाचित्र काढावे आणि दिवाळीच्या गर्दीत कमानिया गेटच्या आसपास कोठेतरी, एखाद्या दुकानाच्या पायरीवर, चहाच्या टपरीच्या फळीवर, रिक्षाच्या आसनावर, कोणा अनोळखी माणसाच्या हाती पडावे म्हणून सोडून यावे. मागे नाव लिहू नये, पत्ता लिहू नये. ‘ज्याला सापडेल त्याचे’ एवढेच शब्द असावेत. सूचना ऐकताच पुष्कळांना ती गोड वाटली. कोणी तिला जबलपूरच्या ऋणाची फेड म्हटले, कोणी स्मृतींचे दान म्हटले. मला ती मुळीच गोड वाटली नाही; आणि का वाटली नाही हे विस्ताराने सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे हा वादाचा धर्म आहे. ते म्हणणे असे : बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या आपल्यासारख्यांच्या घरी छायाचित्रांच्या पेट्या असतात आणि त्या वर्षानुवर्षे कोणी उघडीत नाही. मुले पुण्याला, बंगळुराला किंवा परदेशी गेलेली. त्यांच्या दोन खोल्यांच्या संसारात पणजोबांच्या चौकटीला भिंत मिळत नाही. ती चित्रे वाळवीच्या मुखी पडण्यापेक्षा एखाद्या परक्याच्या दृष्टीस पडली तर बिघडले काय? तो परका क्षणभर थांबेल, हातातल्या चेहऱ्याकडे पाहील, ‘कोण बरे असतील ही?’ असे मनाशी म्हणेल, आणि तेवढ्या क्षणापुरते ते माणूस पुन्हा जगात येईल. शिवाय आपण ज्या शहराचे अन्न खाल्ले त्या शहराला आपल्या घरातील काहीतरी दिल्याचे समाधान आपल्याला लाभेल. आणि अखेरचा मुद्दा असा की जगात सर्वत्र हे चालले आहे. २००१ साली अमेरिकेत बुकक्रॉसिंग नावाचा उपक्रम निघाला. त्यातून वाचून झालेली पुस्तके बागेत, स्थानकावर, उपाहारगृहात परक्या वाचकासाठी सोडण्याची रीत देशोदेशी पसरली. २००८ साली डिस्पोझेबल मेमरी प्रोजेक्ट या नावाने काही हौशी लोकांनी एकदाच वापरावयाचे स्वस्त कॅमेरे सार्वजनिक जागी ठेवण्यास प्रारंभ केला. ज्याला कॅमेरा सापडेल त्याने काही चित्रे घ्यावीत आणि कॅमेरा पुढे धाडावा. मग आपणच का मागे राहावे?

हे म्हणणे हृद्य आहे हे मी मान्य करतो. परंतु त्यातील सगळा डौल ‘ठेवणे’ या एका क्रियापदावर उभा आहे, आणि ते क्रियापद तेथे चुकीने वापरले गेले आहे.

मराठीत वस्तू हातावेगळी करण्याच्या दोन रीती आहेत. एक ठेवणे, दुसरी टाकणे. ठेवण्यापासून ठेव झाली. ठेव पोस्टातली असो, पेढीवरची असो किंवा शेजारणीकडे विश्वासाने दिलेली दागिन्यांची पुरचुंडी असो. तिच्यावर ठेवणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याची पोच असते आणि बरेवाईट झाल्यास ती कोणाकडे जावी याचा विचार आधी केलेला असतो. टाकण्याला यांपैकी काहीच लागत नाही. टाकणाऱ्याने हात मोकळा केला की त्याचे काम संपले. पुढे त्या वस्तूचे काय झाले याची विचारपूस करण्याचा अधिकारही त्याला उरत नाही. आता ज्या छायाचित्रामागे नाव नाही, स्थळ नाही, साल नाही, जे कोणाच्या हाती पडले हे कळण्याची सोय नाही, ते दुकानाच्या पायरीवर सोडून येणे ही यांपैकी कोणती क्रिया झाली, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

या क्रियेला आपल्याकडे जुना दाखला आहे आणि तो परदेशात शोधावयास जावे लागत नाही. देवाची तसबीर जुनी होते, काच तडकते, कडेने वाळवी लागते. ती घरात ठेवता येत नाही आणि केरात टाकावयास हात धजत नाही. तेव्हा गृहस्थ तिन्हीसांजेला ती पिंपळाच्या पारावर नेऊन टेकवितो, हात जोडतो आणि मागे न पाहता परततो. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात, आणि नर्मदाकाठच्या या शहरातही, झाडांच्या बुंध्याशी असे देव पावसात भिजत पडलेले दिसतात. तेथे टाकणे आणि नमस्कार करणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि नमस्कारामुळे टाकण्याची टोचणी नाहीशी होते. तरीही देवांची गोष्ट निराळी. गजानन सोंडेवरून ओळखू येतो, दत्त तीन मुखांवरून. वाटेने जाणारा अनोळखी मनुष्यही त्यांना मान लववून जातो. आपल्या आजीला तीन मुखे नव्हती. पायरीवर पडलेल्या तिच्या चित्राला कोण कशावरून ओळखणार?

सूचना करणाऱ्यांनी या कामासाठी नेमकी कमानिया गेटची जागा निवडली. त्यांच्या ध्यानात आले नसेल, परंतु ही जागा त्यांच्या विरुद्ध साक्ष देते. ही कमान त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक आहे. २९ जानेवारी १९३९ रोजी काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि सुभाषचंद्र बोस १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभि सीतारामय्यांना हरवून निवडून आले. मार्चमध्ये प्राचीन त्रिपुरीच्या परिसरात काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष तापाने फणफणत होते. अधिवेशन बावन्नावे म्हणून मिरवणुकीच्या रथाला बावन्न हत्तींचा लवाजमा होता. परंतु रथात बसावयास अध्यक्षांच्या अंगी त्राण नव्हते. म्हणून त्यांच्या जागी त्यांचे छायाचित्र ठेवण्यात आले आणि मिरवणूक निघाली.

परक्या लोकांसमोर, भर रस्त्यात ठेवलेल्या छायाचित्राचे याहून थोर उदाहरण मला ठाऊक नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांपैकी पुष्कळांनी सुभाषबाबूंना कधी प्रत्यक्ष पाहिले नसेल. तरी ते चित्र त्यांना परके नव्हते, कारण त्या चेहऱ्याला नाव होते, त्या नावामागे एक भांडण होते, त्या भांडणात प्रत्येकाची एक बाजू होती. अनुपस्थित माणसाची जागा घेण्याचे सामर्थ्य छायाचित्रात असते ते एवढ्या जोरावर. त्या रथात नाव नसलेल्या एखाद्या सद्गृहस्थाचे चित्र ठेवले असते तर हत्ती बावन्नाचे एकशेचार केले तरी ती मिरवणूक झाली नसती.

आणि खुद्द या कमानीची आज काय अवस्था आहे? रिक्षावाल्याला ‘कमानिया’ एवढे म्हणावे, तो बिनचूक आणून सोडतो. सराफ्यात जाणारे, फुहाऱ्याकडे वळणारे रोज तिच्याखालून जातात. ही कमान कशाची म्हणून त्यांतल्या दहा जणांना विचारून पाहावे. दगडाचे बांधकाम, ठिकाण भर बाजारातले, प्रसंग देशाच्या इतिहासातला. आणि तरीही सांगणारा नसेल तर कमानीची नुसती खूण होऊन बसते. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या तुकड्याने, कोणी काही न सांगता, परक्याच्या मनात घर करावे ही अपेक्षा कोणत्या हिशेबाने धरावयाची?

आता परदेशच्या दाखल्यांकडे वळू, कारण आपल्या मंडळींना त्यांचा भरवसा फार. बुकक्रॉसिंगमध्ये सोडलेल्या प्रत्येक पुस्तकाला नोंदणीचा क्रमांक दिलेला असतो. ज्याला ते सापडेल त्याने तो क्रमांक सांगून पुस्तक कोठे पोहोचले हे कळवावे, अशी त्यातील योजना. सोडलेल्या कॅमेऱ्यांनाही क्रमांक होते आणि कोणाला कळवावयाचे याची सूचना होती. म्हणजे ज्या उपक्रमांचा दाखला देऊन आपल्याला नाव-पत्ता पुसावयास सांगितले जाते, त्यांचा सारा आधार परतीच्या पत्त्यावर आहे. शिवाय पुस्तक हे मुळातच परक्या वाचकासाठी छापलेले असते आणि कोरा कॅमेरा कोणाचाच चेहरा घेऊन आलेला नसतो. घरातील छायाचित्राची गोष्ट या दोहोंहून वेगळी आहे.

दुसरा दाखला व्हिव्हियन मेयर या बाईंचा दिला जातो. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करीत या बाईंनी रस्त्यांवरची हजारो छायाचित्रे घेतली आणि कोणाला दाखविली नाहीत. भाडे थकल्यामुळे त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. २००७ साली जॉन मालूफ या तरुणाने त्यातील निगेटिव्हांची एक पेटी विकत घेतली, आणि आज त्या बाईंची गणना विसाव्या शतकातील मोठ्या छायाचित्रकारांत होते. पाहा, म्हणतात, परक्याच्या हाती पडले म्हणून तर हे घडले! खरे आहे, परंतु ते कसे घडले हे पुढे कोणी सांगत नाही. ही चित्रे कोणाची हे मालूफला बराच काळ ठाऊक नव्हते. २००९ च्या एप्रिलमध्ये छायाचित्रे धुणाऱ्या दुकानाच्या एका पाकिटावर त्याला बाईंचे नाव लिहिलेले सापडले. त्या नावावरून त्याने शोध घेतला तेव्हा मृत्यूची वार्ता हाती आली. बाई अवघ्या काही दिवसांपूर्वी वारल्या होत्या. दुकानातील कोणा कारकुनाने पाकिटावर चार अक्षरे खरडली नसती तर त्या पेटीतून एक नामवंत कलावती बाहेर न येता ‘शिकागोची जुनी दृश्ये’ एवढाच माल बाहेर आला असता.

याहूनही हृदयद्रावक अशी एक घटना अमेरिकेच्या यादवी युद्धातील आहे. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर एका मृत सैनिकाच्या हातात तीन लहान मुलांचे काचेवरील छायाचित्र सापडले. अंगावर ओळख पटेल अशी दुसरी वस्तू नव्हती. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बर्न्स यांनी ते चित्र मिळविले. त्या काळी वृत्तपत्रांत छायाचित्र छापता येत नसे, म्हणून चित्राचे वर्णन छापण्यात आले : मुले कोणत्या वयाची दिसतात, कशी बसली आहेत, कोणाच्या अंगावर कोणते कापड आहे. ‘हा कोणाचा पिता?’ अशा मथळ्याखाली ते वर्णन ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले, एका वृत्तपत्रातून दुसऱ्यात गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील पोर्टव्हिल या गावी एका स्त्रीच्या वाचनात आले. तिने नवऱ्याला असेच चित्र पाठविले होते. अशा रीतीने सार्जंट एमॉस ह्युमिस्टन याला मरणोत्तर आपले नाव परत मिळाले, आणि फिलिंडाला आपण विधवा झालो हे कळले.

ही कथा मला सूचना करणाऱ्यांपैकीच एकाने सांगितली, जणू ती त्यांच्या बाजूची आहे. माझ्या मते ती त्यांच्या विरुद्ध जाते. त्या चित्रामागे तीन नावे आणि एक गाव एवढे लिहिलेले असते तर त्या कुटुंबाला चार महिने टांगणीवर राहावे लागले नसते. एक पुसलेले नाव परत मिळवावयास एक चिकाटीचा डॉक्टर, अनेक वृत्तपत्रे आणि अपार दैव लागले. कमानिया गेटजवळ ज्याच्या हाती आपले चित्र पडेल त्याने दिवाळीची खरेदी सोडून डॉक्टर बर्न्स व्हावे, ही अपेक्षा करण्याचा आपल्याला काय अधिकार?

नाव गेले म्हणजे चेहऱ्याचे काय होते, याचा अनुभव या देशाने एकदा घेतलेला आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. आपलीच माणसे, डोळ्याला डोळा भिडवून कॅमेऱ्यापुढे बसलेली. परंतु बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही. जात आहे, जमात आहे, आणि त्या जातीचा स्वभाव कसा, ती राज्यकर्त्यांशी एकनिष्ठ की कपटी, याविषयी मजकूर आहे. ज्या क्षणी नाव उडाले त्या क्षणी माणसाचा नमुना झाला. तेव्हा हे परक्या सत्तेने केले. आता आपण आपल्या हाताने, प्रेमाने, दिवाळीची भेट म्हणून, आपल्या आजीला ‘नऊवारीतील एक जुनी स्त्री’ करावयास निघालो आहोत. परका मनुष्य दुष्ट असतो असे माझे म्हणणे नाही. त्याच्याजवळ दुसरे काही नसते म्हणून तो लुगड्याकडे पाहतो, नथीकडे पाहतो, पगडीकडे पाहतो. आणि पाहून झाल्यावर फार तर म्हणतो, ‘पूर्वीचे लोक कसे असत पाहा.’ यालाच जर पुन्हा जगात येणे म्हणावयाचे असेल तर न आलेले बरे.

यात आणखी एक नाजूक गोष्ट आहे आणि ती बोलून दाखविणे प्राप्त आहे. ही चित्रे देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जुन्या मराठी घरांतील कित्येक स्त्रिया कॅमेऱ्यापुढे आल्या त्या नाइलाजाने, पदर सावरून, नजर खाली घालून. कित्येक विधवा तर आल्याच नाहीत, आणि ज्या आल्या त्यांनी ते चित्र दिवाणखान्यात लावू दिले नाही. ते चित्र घरातल्या चौघांसाठी होते. त्या आज नकार देऊ शकत नाहीत, एवढ्यावरून त्यांची संमती गृहीत धरणे हे सभ्यतेला सोडून आहे. जिवंत माणसांचा, विशेषतः मुलांचा, प्रश्न याहून कठीण. पूर्वी पायरीवर पडलेला कागद फार तर त्या गल्लीत फिरला असता. आज सापडणाऱ्याच्या खिशात मोबाईल असतो. तो त्या चित्राचे चित्र काढतो, आणि संध्याकाळपर्यंत ते कोठे जाईल, त्याखाली कोण काय लिहील, कोणत्या जाहिरातीत ते चिकटेल, याला धरबंध नाही. चेहऱ्यावरून माणूस हुडकणारी यंत्रेही आता आली आहेत. दान करणाऱ्याने आपली वस्तू द्यावी. दुसऱ्याचा चेहरा ही आपली वस्तू नव्हे.

एवढे लिहिल्यावर कोणी म्हणेल, मग तुमचा सल्ला पेटीला कुलूप लावण्याचा दिसतो. तसे नाही. माझी खरी तक्रार कमानीखालच्या पायरीविषयी जितकी आहे तितकीच त्या कुलपाविषयी आहे, आणि येथे आपल्या अधिकारी वर्गाला दोन शब्द सुनावणे भाग आहे.

या शहरातील मराठी माणसाचा इतिहास कोठे लिहिलेला आहे? सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये हा मुलूख घेतला, १७९८ पासून १८१७ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांकडे होता, एवढे ग्रंथांत सापडते. त्यानंतर जे आले ते राज्य करावयास आले नव्हते. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. रेल्वे होती, टपाल होते, शाळा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचे म्हणून जबलपुरास आले. त्यामागोमाग नागपूरकडची मराठी घरेही आली. या कारकुनांची, मास्तरांची, फोरमनांची, परिचारिकांची आणि त्यांच्या घरच्या माणसांची बखर कोणी लिहिली नाही व लिहिणारही नाही. तिची पाने सुटी आहेत आणि ती तुमच्या-आमच्या पेट्यांत आहेत. हळदीकुंकवाच्या दिवशी क्वार्टरच्या ओसरीवर बसलेल्या बायका; गणेशोत्सवातल्या नाटकात मिशा लावून उभे राहिलेले हिशेबनीस; भेडाघाटच्या सहलीत संगमरवरी कड्यांपुढे सतरंजीवर मांडलेले डबे. या प्रकारचे एक चित्र नाव-सालासकट जपले तर ते शहराच्या इतिहासाचे साधन होते. नाव-सालावाचून ते रद्दी आहे, मग ते पायरीवर असो वा पेटीत.

आणि हे नाव लिहावयाचे कोणी? जावक क्रमांकावाचून टेबलावरून कागद हलू न देणारे, तारीख नसलेला अर्ज परत करणारे, सहीखाली हुद्दा नाही म्हणून बिल अडविणारे आपण लोक. कचेरीच्या कामात आपली जी काटेकोर दृष्टी असते ती घरच्या आल्बमापाशी कोठे जाते? कचेरीतल्या निरोपसमारंभाच्या चित्राखाली ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’ अशी साग्रसंगीत नामावली असते. त्यातही मागे उभे असलेले शिपाई आणि कोपऱ्यात उकिडवा बसलेला माळी यांची नावे पुष्कळदा गाळलेली असतात. घरच्या चित्रांत तर सगळेच शिपाई आणि माळी. काढताना वाटते, यांना कोण विसरणार? एक पिढी जाते, दोन बदल्या होतात, आणि वहिनींच्या शेजारी उभी असलेली ती मुलगी कोण यावर घरात वाद सुरू होतो. ज्यांना ठाऊक होते ते वाद मिटवावयास उरलेले नसतात.

आता माझी प्रतिसूचना. परक्या माणसाचे साह्य मला हवे आहे. किंबहुना ते घेतल्यावाचून गत्यंतर नाही. २००८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील हजारो जुनी छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर लोकांसमोर ठेवली, आणि कोठकोठच्या अनोळखी लोकांनी चेहरे, इमारती, प्रसंग ओळखून त्यांची माहिती कळविली. ग्रंथालयाच्या नोंदी त्यावरून सुधारण्यात आल्या. परक्यापुढे चित्र ठेवण्याची ही खरी रीत. तेथे चित्राला क्रमांक होता, मालक होता, आणि परक्याला एक काम होते : ओळखता येते का ते पाहावयाचे.

आपल्यालाही हे सहज करता येईल. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी मंडळाच्या सभागृहात प्रत्येक घराने आपली पाच-दहा चित्रे आणावीत. चित्र पारदर्शक पाकिटात घालावे, त्यावर क्रमांक टाकावा आणि खाली एक कोरी चिठ्ठी जोडावी : स्थळ, साल, डावीकडून नावे. जे ठाऊक असेल ते आधी भरावे. जे ठाऊक नसेल ते मोकळे ठेवावे. दार सर्वांना, विशेषतः हिंदी, बंगाली, गुजराती शेजाऱ्यांना उघडे असावे. कारण त्याच ओसरीवर त्यांच्याही आया-मावश्या बसलेल्या असतील, आणि आपण विसरलेले नाव कदाचित त्यांना आठवेल. जी चित्रे घरच्यांना बाहेर दाखवावयाची नसतील ती आणू नयेत. त्यांच्यामागे घरीच नाव लिहावे. ओळख पटलेल्या चित्रांची नक्कल करून यादीसह येथील एखाद्या वाचनालयात द्यावी आणि वाचनालयाकडून पोच घ्यावी. कमानिया गेटपाशी मात्र काही ठेवावयाचेच असेल तर या प्रदर्शनाचा फलक ठेवावा, हिंदीतून आणि मराठीतून, मोठ्या अक्षरांत, सभागृहाचा पत्ता आणि वेळ देऊन.

लिहिण्याविषयी एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी. जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या कागदावर मऊ पेन्सिलीने, अलगद, कडेच्या बाजूला लिहावे. बॉलपेन दाबून लिहिले तर पुढच्या बाजूला वण उमटतो आणि शाई पाझरते. पुढच्या काळातील रंगीत चित्रांच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही. ती चित्रे पाकिटात घालण्यापूर्वी मजकूर पाकिटावर लिहून घ्यावा. ‘ताई’, ‘अण्णा’, ‘धाकटी काकू’ असे लिहू नये. अण्णा प्रत्येक घरात असतात. पूर्ण नाव लिहावे, बाईंचे माहेरचे नावही लिहावे, आणि साल नक्की आठवत नसेल तर ‘अंदाजे’ असा शब्द प्रामाणिकपणे घालावा. मोलकरीण, शिपाई, शेजारचा मुलगा चित्रात असेल तर त्याचेही नाव लिहावे. सर्वांत आधी पुसली जातात ती याच लोकांची नावे.

हे काम गोड नाही. पायरीवर चित्र सोडून येण्यात जी हुरहूर आहे, मागे वळून न पाहता चालू लागण्यात जो कवित्वाचा भास आहे, तो यात नाही. यात धूळ आहे, शिंका आहेत, भावाभावांतले वाद आहेत. परंतु ज्यांच्या चेहऱ्यांचे आपण विश्वस्त आहोत त्यांना कवित्वाचा उपयोग नाही, नावाचा आहे. तरीही ज्यांना आपली पेटी जड झाली असेल त्यांनी ती खुशाल रिकामी करावी; फक्त त्या कृत्याला दान म्हणू नये आणि जाताना हात जोडू नयेत.

बाकीच्यांना एवढीच विनंती की दिवाळीची वाट पाहू नये. घरात जे सर्वांत वडील माणूस असेल त्याच्यासमोर या रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, पेटी उघडावी. खिडकीजवळ उजेडात बसावे, त्याचा चष्मा पुसून द्यावा, आणि तो सांगेल तसे डावीकडून लिहीत जावे.